सप्त्याच्या सतरंज्या

नौपाड्यात झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. तिच्या हातात अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र होतं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही, समृद्धी. पाच वर्षं तिथे जाऊन शिकणार काय?"

"तिथे चर्चमध्ये जाणारी माणसं मत कुणाला देतात आणि का देतात, ते."

"त्यात शिकायचं काय? निवडणूक आली की आपल्या देवळातल्या सप्त्याला नव्या सतरंज्या कोण देतं?"

"उमेदवार."

"मग? झालं की शिकून."

"बाबा, त्या सतरंजीवर तुम्ही सात दिवस बसलात. मत त्यालाच दिलंत?"

"ते मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही."

"म्हणून तर पाच वर्षं लागतात."

बापाने तिच्या हातातलं पत्र घेतलं आणि पुन्हा वाचायला लागला.

"बाबा, आपला नंबर आला."

"भाऊ, या पत्राची एक झेरॉक्स जास्त काढा. देवळाच्या फळ्यावर लावायचीय."