नाही म्हणण्याची तालीम

तोआकासे: पुन्हा वाच. पर्यटकांच्या तक्रारीतला पहिला मुद्दा.

केलेपी: "आम्ही वाटाड्याला विचारलं, आज देवमासे दिसणार नाहीत का? तो म्हणाला, हो."

तोआकासे: आणि दिसणार नव्हते.

केलेपी: नव्हतेच, आत्या. दोन दिवस वारा सुटला होता. म्हणून तर हो म्हणालो.

तोआकासे: तरी त्या माणसांना तीन तास होडीत बसवलंस.

केलेपी: ते आपणहून बसले. मला वाटलं, नुसतं पाणी बघायची हौस असेल. पाहुण्यांना कारण कसं विचारायचं?

तोआकासे: पुढे.

केलेपी: "होउमाच्या खडकांतून समुद्राचे फवारे उडतात. ओहोटीला ते उडत नाहीत का, असं विचारलं. हो म्हणाला. आम्ही ओहोटीला गेलो. खडक कोरडे होते."

तोआकासे: कोरडेच असणार.

केलेपी: मीही तेच सांगितलं होतं.

तोआकासे: तिसरा.

केलेपी: "इथे रविवारी पोहता येत नाही का? हो म्हणाला. आम्ही पोहलो. प्रार्थना सोडून सगळं चर्च खिडक्यांशी येऊन उभं राहिलं."

तोआकासे: सगळं नाही. मी बसूनच पाहिलं.

केलेपी: यात माझं चुकलं कुठे?

तोआकासे: बत्तीस वर्षं शाळेत त्यांची भाषा शिकवली मी, तेव्हा नीट ऐक. 'नाहीत का' असं विचारलं, की आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. हो, म्हणजे तुमचं बरोबर, नाहीत. ते लोक माणसाकडे बघत नाहीत, माशाकडे बघतात. मासा असेल तर हो, नसेल तर नाही. तुझ्या 'हो'चा त्यांनी तिन्ही वेळा उलटा अर्थ घेतला.

केलेपी: म्हणजे मी खोटं बोललो?

तोआकासे: खरंच बोललास. व्याकरण चुकलं. आता तीन वाजता पर्यटन खात्याचा परदेशी साहेब येईल आणि विचारेल, तुम्ही या लोकांना मुद्दाम फसवलं नाही ना? काय म्हणशील?

केलेपी: हो.

तोआकासे: संपलं. वाटाड्याचा बिल्ला गेला.

केलेपी: बिल्ल्याचं एवढं काही नाही, आत्या. पण लबाड म्हणून काढला, असं व्हायला नको.

तोआकासे: बिल्ल्याचं काही नाही म्हणजे?

केलेपी: काही नाही म्हणजे काही नाही.

तोआकासे: मग तालीम करू. मी साहेब. तुम्ही फसवलं नाही ना? म्हण, नाही.

केलेपी: तुम्हाला?

तोआकासे: मलाच. दुसरं कोण आहे इथे?

केलेपी: वडिलांच्या बहिणीला नाही म्हणू? आपल्याकडे घरात तिचाच शब्द शेवटचा. वडील सत्तर वर्षांचे होऊन गेले, त्यांनी कधी म्हटलं नाही.

तोआकासे: त्याला साहेबाला तोंड द्यायचं नव्हतं. हा माझा हुकूम आहे. मला नाही म्हण.

केलेपी: हो, आत्या.

तोआकासे: केलेपी.

केलेपी: तोंडात येतंय. बाहेर पडत नाही.

तोआकासे: मला नाही म्हणावं, असं तुला कधीच वाटलं नाही का?

केलेपी: हो.

तोआकासे: हे हो आपल्याकडचं की त्यांच्याकडचं?

केलेपी: त्यांच्याकडचं.

तोआकासे: कधी?

केलेपी: मागच्या वर्षी. लिसियाते ऑकलंडला बोलावत होता. धाकटा भाऊ असून पुढे गेला तो, खोलीही बघून ठेवली होती माझ्यासाठी. तुम्ही म्हणालात, दोघंही गेलात तर घरात माणूस कोण? इथेच राहा, वाटाड्या हो.

तोआकासे: तू लगेच हो म्हणालास. मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

केलेपी: नाही विचारलंत.

तोआकासे: खोली आहे अजून?

केलेपी: परवाच फोन आला होता त्याचा.

(बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.)

तोआकासे: आला. मोठ्या माणसांपुढे कमरेला गुंडाळायची ती चटई नीट बांध, एका बाजूला उतरली आहे. आणि शेवटची तालीम. या वेळी सरळ प्रश्न विचारते, म्हणजे व्याकरणाची भानगड नको. बिल्ला राहिला, तर तू इथेच राहशील ना?

केलेपी: नाही, आत्या.

तोआकासे: उच्चार स्वच्छ आला. साहेबापुढेही असाच येऊ दे.