झेनॉनचं आडनाव

कॅनडात, एडमंटनला आमच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात शुक्रवारी वारेनिकी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, घ्यायला रांग लागते. काल माझ्यापुढे दारका आणि ओरिसिया उभ्या होत्या.

"ओरिसिया, रविवारी रेडिओवरचा आपला युक्रेनी कार्यक्रम ऐकलास?"

"नाही गं, लेकीकडे होते. का?"

"आपला निवेदक झेनॉन युक्रेनी नाहीच! ग्रीक आहे. कार्यक्रमात स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

"काहीतरीच! तीस वर्षं आपल्याला नाताळची गाणी शिकवणारा झेनॉन?"

"तोच. तेव्हा स्टुडिओत माइकची वायर दुरुस्त करायला आला होता म्हणे. त्या दिवशी आधीचा निवेदक आलाच नाही, म्हणून हा बसला."

"आणि भाषा?"

"घरमालकीण आपल्यातली होती, तिच्याकडून उचलली."

"अगं, पण नाव तर आपलंच!"

"त्यांच्यातही असतं. आडनाव आपण कधी विचारलंच नाही. आणि मी पोरांना सांगायचे, झेनॉनकाकांसारखं शुद्ध बोला!"

"देवा रे! माझा विश्वासच बसत नाही."

"उद्या कार्यक्रमाच्या समितीची बैठक आहे. त्याला काढून आपल्यातला कुणीतरी आणायचा. तूही हात वर कर."



"दारका, माझी आई आता मलासुद्धा ओळखत नाही. आठवडाभर तोंडातून शब्द नाही. रविवारी त्यानं 'आज्ज्यांनो, कशा आहात?' म्हटलं, की रेडिओकडे बघून म्हणते, 'बरी आहे रे, बाळा.'"

"अगं बाई…"

"नव्या माणसाला देईल ती उत्तर?"

पुढे जागा झाली होती, पण दारका हलली नाही.

"मग हात खालीच ठेवणार तू?"

"खालीच."