खंड्याचं इंजेक्शन

(बेंबळीच्या वाटेवर राजशेखर मास्तरांचं पडीक रान, बांधापलीकडं त्यांचं घर. रानात धनगरांचा वाडा उतरलाय. दुपारची वेळ. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला बाहेरून कडी, आत कुत्रं साखळीनं बांधलेलं.)

बानूबाई: आधी कुऱ्हाड खाली ठेवा, मास्तर. मग काय बोलायचं ते बोला.

राजशेखर: दारातनं बाजूला हो.

बानूबाई: दीड म्हैना झाला तुमच्या रानात आमची मेंढरं बसत्यात. कधी अहो-जाहो सोडलं न्हाई तुमी. आज येकदम अगं-तुगं?

राजशेखर: माझ्या पोरीचा हात फाडलाय तुझ्या कुत्र्यानं. अंगठ्यापासून मनगटापर्यंत. सकाळपासून धाराशिवच्या दवाखान्यात होतो. जखमेच्या आत सुया घातल्या, चारी बाजूंनी. दोन नर्सनी तिला धरलं आणि मी तिच्या पायांवर बसलो. ती ओरडतीय, पप्पा सोडा, आणि मी बाप असून बसून राहिलो. तुला काय कळणार आहे.

बानूबाई: कळतंय की. शिवप्रियाला म्या माझ्या हातानं भाकरी चारलीया हितं. कशी हाय आता?

राजशेखर: झोपलीय आईजवळ. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली, वाचेल. बारा वर्षांच्या लेकीसाठी हा शब्द ऐकायचा राहिला होता मला. सर बाजूला.

धुळाप्पा: मास्तर, म्हातारं माणूस हाय. ढकलू नका.

राजशेखर: मग तू आवर तुझ्या भावजयीला. पिसाळलेलं कुत्रं आहे आत आणि ही दाराला पाठ लावून उभी.

बानूबाई: खंड्या पिसाळला न्हाई. दोन कुत्र्यांत भांडण झालं, पोर मधी पडली. तुमच्या टायसननं तोंड घातलं आसंल त्याच्या भाकरीत.

राजशेखर: टायसन रोजच तोंड घालतो. महिनाभर दोघं एकमेकांच्या अंगावर लोळतायत. आज तुझ्या कुत्र्यानं थेट गळा धरला त्याचा. पोरगी सोडवायला गेली, नाव घेऊन हाका मारत होती त्याला. तो फिरला आणि तिचा हात धरला. सोडेना. मी दगड घातला तेव्हा सोडला. आणि हा आवाज ऐक. कुत्रं असं भुंकतं कधी?

बानूबाई: घशात हाडूक अडकलंय त्याच्या. परवापास्नं गिळता येईना. लाळ गळतीया, पाण्याला तोंड लावलं की ठसका लागतोय.

राजशेखर: हाडूक नाही ते. हाच तो रोग.

धुळाप्पा: वैनी, आता सांगून टाका.

बानूबाई: तुमी गप ऱ्हावा, भावजी.

धुळाप्पा: म्या न्हाई गप ऱ्हायचा, पोरीच्या जिवाचा मामला हाय. मास्तर, कोल्हं चावलंय त्याला. दिवाळीच्या आधी. भर दुपारी वाड्यात शिरलं, झिंगल्यावानी चालत हुतं. कोकरू धरलं त्यानं. खंड्यानं कोल्ह्याला तिथंच फाडलं, पर ह्याचा बी ओठ फाटला.

राजशेखर: मला तारंनं फाटला म्हणून सांगितलंस तू.

बानूबाई: सांगितलं. कोल्हं म्हणले आस्ते तर तुमी दुसऱ्या दिशी वाडा उठवला आस्ता. तुमच्या हिरीला पाणी हुतं. दोनशे मेंढरं घिऊन म्या कुठं जाणार हुते?

राजशेखर: म्हणजे तुझ्या मेंढरांच्या पाण्यापायी माझी पोर. धुळाप्पा, धर हिला.

बानूबाई: मला हाणा आधी. मग त्याला हाणा.

धुळाप्पा: चला वैनी, हिकडं या. मास्तर, सताड उघडू नका दार. साखळी लांब हाय, त्यो चौकटीपतूर येतो. फट ठेवा.

बानूबाई: हात सोडा, भावजी. सोडा मला म्हणते.

धुळाप्पा: मागं सरा, मास्तर. आला बघा, आला.

राजशेखर: लागला. लागला ना?

धुळाप्पा: खांद्यात बसला घाव. दार वडा. पायानं दाबा आधी, वरची कडी घाला.

राजशेखर: घातली.

बानूबाई: काय केलंत हे. अर्धा तोडून ठेवलात त्याला.

राजशेखर: मी मानेवर नेम धरला होता. तो उसळला.

धुळाप्पा: रगत तोंडावर उडालं का? डोळ्यांत?

राजशेखर: नाही, शर्टावर. हा अजून दारावर धडका मारतोय. खांदा लोंबतोय त्याचा, मी बघितला, आणि तरी धडका मारतोय.

बानूबाई: आता साखळी चावतुया. दात मोडत्यात त्याचं, हितं ऐकू येतंय मला. मारायचंच तर येका घावात मारावं, मास्तर. मेंढरू कापायचं झालं तरी आमी तेवढी दया ठेवतो. तुमी खडू धरणारी माणसं, तुमाला कुणी सांगितलं हुतं हे?

राजशेखर: मला परत नाही जमायचं.

बानूबाई: द्या ती कुऱ्हाड हिकडं.

राजशेखर: नका जाऊ तुम्ही आत.

बानूबाई: आता तुमी झाले व्हय म्या. द्या म्हणते ना. भावजी, घोंगडं आणा आन् डाव्या हाताला गुंडाळा. आजून येक येढा. घट.

धुळाप्पा: वैनी, म्या जातो की.

बानूबाई: चार दिसांचा हुता तवा त्याची आई ट्रॅक्टरखाली गेली. बकरीचं दूध बोळ्यानं पाजलंय म्या त्याला. असा तळमळत ठिवून दुसऱ्याच्या हाती द्यायची न्हाई. म्या आत गेले की दार लावून घ्या. हाक मारीपतूर उघडायचं न्हाई, काय बी ऐकू आलं तरी.

धुळाप्पा: जावा. लावतो.

बानूबाई: खंड्या. म्या हाय रं. ये लेकरा, ये. बस. बस म्हणते ना, खंड्या.

राजशेखर: बोलतायत त्या त्याच्याशी.

धुळाप्पा: बोलू द्या.

राजशेखर: घोंगडं धरलं वाटतं त्यानं. भिंतीवर आदळलं कोण तरी. उघड, धुळाप्पा.

धुळाप्पा: न्हाई म्हणल्यात त्या.

राजशेखर: मरतील त्या आत.

धुळाप्पा: मधी बोलू नका. ऐका. हां, बसला घाव. आता आवाज न्हाई. दुसरा घालावा लागला न्हाई त्यास्नी.

बानूबाई: उघडा, भावजी.

राजशेखर: एवढं रक्त. चावला का तुम्हाला?

बानूबाई: न्हाई. दात घोंगड्यातच ऱ्हायलं. हे समदं त्याचं हाय.

राजशेखर: आणि बोटांवर हे काय? ह्या चिरा जुन्या दिसतायत.

बानूबाई: ते परवाचं. हाडूक काढाय तोंडात हात घातला हुता. दात घासलं.

राजशेखर: तोंडात हात घातलात? परवा? आणि तेव्हापासून तशाच आहात?

बानूबाई: न्हाई काय हुत. इंजेक्शन दिल्यालं कुत्रं हाय ते. हुतं.

राजशेखर: मावशी...

बानूबाई: दिलं हुतं की. कोल्ह्यानं चावल्याच्या दुसऱ्याच दिशी. धा वरसं झाली, मेंढरास्नी म्याच टोचते. त्याच बाटलीत उरल्यालं त्याला टोचलं, मेंढराच्या दुप्पट. तुमी हुता की तवा. तुमी इचारलंत, ह्याला लस दिलीय का, आन् म्या बाटली तुमच्या हातात दिली.

राजशेखर: ते मेंढरांच्या पोटाच्या रोगाचं औषध होतं. पिसाळण्याच्या रोगावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

बानूबाई: मग तवा का न्हाई सांगितलं? तुमी बाटली वाचलीत. वाचून हसला. मला वाटलं, बानूबाईनं शाणपणा केला म्हणून हसतायत मास्तर.

धुळाप्पा: बोला की, मास्तर.

राजशेखर: हसलो मी. दुसऱ्या दिवशी शाळेतही सांगितलं, धनगरीण कुत्र्याला मेंढराची लस टोचते. सगळे हसले. विज्ञान शिकवतो मी, मावशी. माझ्या टायसनला सगळ्या लशी होत्या, वेळच्या वेळी. तो तुमच्या कुत्र्याबरोबर कितीही खेळला तरी बिनधास्त होतो. मग तुमच्याला काय टोचलंय, त्याची कटकट कशाला. एवढाच विचार केला. शिवप्रिया दोघांच्या मधी लोळायची, रोज बघत होतो. पण माझ्या डोक्यात फक्त माझं कुत्रं होतं.

बानूबाई: येक शबुद, मास्तर. नुस्तं म्हणला आस्ता, बाई, हे न्हवं ते इंजेक्शन. खांद्यावर टाकून धाराशिवला न्येला आस्ता म्या त्याला. पायी न्येला आस्ता.

राजशेखर: हो.

बानूबाई: हो काय म्हणताय. त्यो मेला की. माझ्या हातानं मेला.

राजशेखर: माझा कसूर आहे. काय बोलायचं ते बोला, शिव्या द्या. पण आधी तो हात धुवा, साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, मी म्हणेपर्यंत. आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चला. पोरीला दिलं तेच तुम्हाला देतील. परत परत जावं लागेल. दर खेपेला मी नेईन.

बानूबाई: तुमच्या गाडीवर बसायची न्हाई म्या.

राजशेखर: पाया पडतो, मावशी.

बानूबाई: उठा. रगतात भरल्यात पाय माझं.

धुळाप्पा: जावा, वैनी. राग माघारी आल्यावर बी करता येतो. हा रोग थांबायचा न्हाई. मेंढरं म्या बघतो.

बानूबाई: आन् त्याला?

धुळाप्पा: खोल खड्डा खांदतो. हात लावत न्हाई, खोऱ्यानंच वडतो.

बानूबाई: घोंगडं काढून घिऊ नका. धरलंय तसंच ठिवा त्याच्यापाशी. मास्तर, तुमचं टायसन?

राजशेखर: गळ्याला टाके पडले. परत लस दिलीय. बरेच दिवस बांधून ठेवायचा म्हणाले. पण वाचेल.

बानूबाई: वाचंल.

राजशेखर: अजून धुवा. नखांच्या कडेनं. हां, बस. बसा गाडीवर, मला धरून बसा.

बानूबाई: मागची कडी धरते म्या. तुमाला न्हाई.

राजशेखर: बरं.

बानूबाई: मास्तर, पोरगी इचारंल तुमाला. खंड्या मला का चावला म्हणून.

राजशेखर: सकाळपासून तेच विचारतीय.

बानूबाई: तिला सांगा, त्यानं तिला वळखलं न्हाई. आत्ता म्या एवढ्या हाका मारल्या, मलाबी वळखलं न्हाई त्यानं.