पुस्तकात नसलेला बोलोत

बुरुल आपा : बूट काढू नकोस, नाझिरा. नवं पुस्तक आणलं असशील तर तसंच परत ने.

नाझिरा : पुस्तक नाही आणलं, आपा. एक वाजता वाचक मंडळ भरतंय. तुम्हाला न्यायला आलेय.

बुरुल आपा : वाचनालयाची बाई आता घरोघर माणसं गोळा करत फिरते? त्या शारबुबू मास्तरणीला सांग, आपांच्या चष्म्याला भिंगं मिळेनात.

नाझिरा : तुमच्या चष्म्याची शंका त्यांना गेल्या महिन्यातच आलीय.

बुरुल आपा : कसली शंका?

नाझिरा : तुम्ही भर बैठकीत म्हणालात, त्या बोलोतनं बायकोला असं टाकायला नको होतं. शारबुबूबाई म्हणाल्या, बोलोत कोण? कादंबरीत तेमिर आहे, बोलोत नावाचा कुत्रासुद्धा नाही. अकरा बायका हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

बुरुल आपा : दिसलं मला. लांबचं चांगलं दिसतं.

नाझिरा : मग तुम्ही चहा देणाऱ्या सैकालकडे बोट केलंत. म्हणे, माझ्या सुनेनं भलतंच पुस्तक हातात दिलं, वेंधळी आहे, आईबापांनी काही शिकवलं नाही. मास्तरकीची परीक्षा पास झालेली पोरगी ती. मान खाली घालून चहा ओतत राहिली.

बुरुल आपा : बोलायचं होतं मग. तोंड शिवलं होतं?

नाझिरा : काय बोलायचं होतं? सासूबाईंना अक्षर येत नाही, चार वर्षं रोज संध्याकाळी मीच वाचून दाखवते, असं?

(आपा शेगडीवरची किटली उचलतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात.)

बुरुल आपा : तिनं सांगितलं तुला.

नाझिरा : तिनं नाही. घरी जाता जाता माझ्याच डोक्यात उजेड पडला. तुमच्या यजमानांचं नाव तेमिर. सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? तेमिर म्हणजे लोखंड, तर तिनं त्याचं पोलाद, म्हणजे बोलोत केलं. पानोपानी तेमिरचा बोलोत.

बुरुल आपा : चांगल्या घरची रीत आहे ती. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, लोखंडी कढई म्हणाली. अशी झाडली मी, पुन्हा तो शब्द जिभेवर आला नाही तिच्या.

नाझिरा : म्हणजे तुमच्याच शिकवणीनं वाचत होती. तुम्हाला कळलं नाही?

बुरुल आपा : आधी वाटलं, मुद्दाम केलं, मला तोंडघशी पाडायला. पुलापर्यंत पोचले तोवर कळलं.

नाझिरा : आणि घरी पोचल्यावर?

बुरुल आपा : म्हटलं, माहेरची वाट धर.

नाझिरा : सगळं कळल्यावर?

बुरुल आपा : कळलं म्हणूनच. ती घरात राहिली असती, तर तिची माफी मागायला लागली असती.

नाझिरा : आपा, ती सकाळी माहेराहून आलीय. वाचनालयात बसलीय, बोचकं गाडीतळावर. राजधानीत, बिश्केकला, शिवणकामावर जागा मिळालीय तिला. म्हणाली, आपांनी मंडळात येऊन एवढंच सांगावं, वाचत होती ती माझी सून, आणि चूक तिची नव्हती. एवढं झालं तर मी जात नाही.

बुरुल आपा : बारा तोंडांपुढे सांगू, की मी अंगठाबहाद्दर? त्या शारबुबूला वर्षभर पुरेल.

नाझिरा : पुरू दे.

बुरुल आपा : तुला सोपं आहे म्हणायला. पहिलीतूनच काढलं बापानं, मेंढ्यांमागे वर कुरणात धाडलं. तिथून लग्न, मग पोरं, मग म्हातारा आजारी. तुझ्या मंडळात पहिल्यांदा आले, तेव्हा तू म्हणालीस, थांबा गं, आपांना काय वाटतं ते ऐकू. पोरी, मला काय वाटतं ते सत्तर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते मी कसं सोडू?

नाझिरा : आणि सैकाल कशासाठी राहिली इतकी वर्षं? तुमच्या लेकानं रशियात दुसरा संसार थाटला, सगळ्या नारीन गावाला ठाऊक आहे.

बुरुल आपा : त्याचा विषय या घरात नको.

नाझिरा : त्यानंतरही दोन वर्षं राहिली. मी विचारलं, का गं? म्हणाली, वाचताना आपा मधेच त्या पुस्तकातल्या माणसांना शिव्या घालतात. दिवसातून तेवढंच हसते मी.

बुरुल आपा : लायकीचीच असतात ती माणसं.

नाझिरा : आपा.

बुरुल आपा : किती वाजले?

नाझिरा : पाऊण वाजून गेला.

बुरुल आपा : खुंटीवरचा रुमाल दे. तो नाही, पांढरा. बाहेर घालायचा. काय म्हणायचं असतं अशा वेळी? मी कधी म्हटलेलं नाही.

नाझिरा : तिचं नाव घेऊन सुरुवात करा.

बुरुल आपा : नाव? मी सूनच म्हणत आले. सैकाल. असंच ना? सैकाल. चल, हात धर, बाहेर बर्फ घसरडं झालंय.

नाझिरा : थांबा, फोन वाजतोय. हं, शारबुबूबाई. नाही, आत्ता निघतोय. कधी? एकपर्यंत थांबायची म्हणाली होती ना? बरं.

बुरुल आपा : काय म्हणते मास्तरीण?

नाझिरा : गाडीत एकच जागा उरली होती. गाडीवाल्यानं बोलावणं धाडलं, येतेस की दुसऱ्याला बसवू? सैकालनं बाईंना विचारलं, आपा घरातून निघाल्या का? बाई म्हणाल्या, अजून नाही. मग उठली ती.

बुरुल आपा : गेली?

नाझिरा : दहा मिनिटं झाली. फोन लावू तिला? खिंडीत शिरेपर्यंत लागेल.

बुरुल आपा : लावून काय सांगू? निघतच होते म्हणून?

नाझिरा : मंडळात तरी चला. पुढच्या महिन्याचं पुस्तक मी येऊन वाचून दाखवीन. रोज नाही जमणार, पण आठवड्यातून दोनदा येईन.

बुरुल आपा : नको, पोरी. तू दमलीस की पुस्तक मिटशील. तिचा घसा बसायचा, आणि मी म्हणायचे, पुढे वाच.