दोन सेल की तीन

हॅलो?… हो साहेब, मीर्योंगच बोलतेय… हो, जेवले. जेवणाचं राहू द्या हो, माझी मेल वाचलीत का?… नाही, नाही! पाणबुड्या बायकांच्या गळ्यात जे धोक्याचं बटण जाणार, त्या सर्किटवर मी सही करणार नाही!

काय? दोन सेल पुरतात? कुठे पुरले?… ऑफिसात! अहो, ऑफिसची जमीन खालून तापवलेली, तिच्यावर मांडी ठोकून बसलात, कोरे सेल घातलेत आणि बटण दाबलंत. वाजणारच की! इथे जेजू बेटावर समुद्राचं पाणी तेरा अंश आहे. बंदरावर बादलीत थर्मामीटर बुडवून मीच मोजलंय…

हो, दोन सेलचे तीन व्होल्ट, मलाही बेरीज येते! पण कोऱ्या सेलचे. थोडे वापरलेले असले की थंडीत संदेश सोडताना अडीचवर येतात, आणि आपला रेडिओ दोन पॉइंट सातच्या खाली मुका… मुका म्हणजे मुका! सत्तरीची बाई शंख काढून वर आली, छातीत कळ आली, तिनं बटण दाबलं, आणि किनाऱ्यावर कुणाला पत्ताच नाही. चालेल?

दर आठवड्याला नवे सेल? कोण टाकणार? या बायका टीव्हीच्या रिमोटमधले उतरलेले सेल यात घालतील! मी याच गावात वाढलेय, मला नका सांगू…

तीन सेल, साहेब. साडेचार व्होल्ट. सेल निम्मे वापरून झाले तरी थंडीत साडेतीन व्होल्ट मिळतात… जाड होईल? बोटभर!… साचा तयार झालाय? मग मोडा साचा! लिपस्टिक विकताय का, डबी नाजूक दिसायला?

काय?… ग्राहकानं मंजूर केलं? कुणी?… बायकांच्या म्होरकीनं?… साहेब, ती माझी आई आहे. परवा गावात जाऊन तिचा शिक्का आणलात? मला न सांगता?… सेलचं सांगितलंत तिला?… मग तिनं काय विचारलं?…

"माझ्या पोरीनं केलंय ना?"… एवढंच?… आणि तुम्ही हो म्हणालात?… लाज नाही वाटली?

नोकरीचं मग बघू… नाही, ओरडू नका. फोन ठेवतेय मी. सोमवारी ती ते गळ्यात अडकवून पाण्यात उतरणार. तिला आत्ताच सांगायचंय… काय म्हणजे काय? ते तिच्या पोरीनं केलेलं नाही, हे!