तिची एक फाईल

...आणि वर तो फोन मला शांतपणे सांगतो, 'लोड होत आहे'! अहो, काय लोड होत आहे? कुठून होत आहे? त्या दिवशी पाऊण तास ह्याच बाकावर बसून मी ते गोल फिरणारं चाक बघतोय, आत आमची ही कॉटवर बसून माझी वाट बघतेय, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कानाचं ऑपरेशन, आणि हा म्हणतो लोड होत आहे! सरका जरा, बसतो मी. तुमचं कोण आहे आत? वडील? होतील हो बरे. इथले डॉक्टर बोलत नाहीत, पण हात चांगला आहे म्हणतात. आत्ता आमच्याच खोलीत गेलेत, पट्टी सोडायला. मला म्हणाले, बाहेर थांबा. थांबलोय.

तर तुम्हाला सांगतो, हिचा उजवा कान सहा वर्षांपूर्वीच गेला. राहिला डावा, तर त्यात निघाली गाठ. डॉक्टर म्हणाले, "काढावी लागेल. ऐकू येत राहील, नाही राहील, पट्टी सोडल्यावर कळेल." संपलं! पुढचा पेशंट! मी तिथल्या तिथे गळाठलो, आणि ही? ही मला म्हणते, "चला, बस चुकेल."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दाखल झालो... म्हणजे ती झाली, मी नुसता पिशव्या धरून उभा. तर म्हणाली, "अहो, घरच्या त्या डब्यात आपली सगळी रेकॉर्डिंगं आहेत ना? त्यातलं एक मला ऐकायचंय. उद्याच्या आधी." म्हटलं, अगं कोणतं? तर म्हणे, "ते नाही सांगणार. सांगितलं तर तुम्ही आणणार नाही. तुम्ही सगळी आणा, मी दाखवते."

आता हा डबा म्हणजे काय, तर आमच्या लेकीने टीव्हीखाली बसवलेलं एक काळं प्रकरण, बुटांच्या खोक्याएवढं. घरातल्या जुन्या कॅसेटी तिने त्यात भरल्या, चौदाशे फाइली! जाताना मला शिकवून गेली, "बाबा, हे नेटवर्क शेअर. मोबाइलमध्ये हे ॲप उघडायचं, डब्याचं नाव दाबायचं, की सगळं दिसतं." मी धावत घरी गेलो, सोफ्यावर बसलो, ॲप उघडलं, आणि काय सांगू... सगळं दिसलं! लेकीचं तिसऱ्या वर्षीचं गाणं, सासूबाईंचा आवाज, हिच्या भावाचं लग्नातलं भाषण. दोन-तीन लावूनही बघितली. एकटाच बसून चांगला रडलो आणि फोन खिशात टाकून परत निघालो. बसमध्ये खिशावरचा हात काढला नाही मी, चौदाशे फाइली होत्या खिशात!

इथे आलो, ऐटीत फोन काढला, नावं सगळी जिथल्या तिथे. दाबलं. लोड होत आहे. दुसरं दाबलं. लोड होत आहे! लावला लेकीला फोन. ती म्हणते, "बाबा, तुला दिसतायत ती नुसती नावं. फाइली घरी डब्यात आहेत. ते शेअर आपल्या घरातल्या वायफायपुरतंच चालतं." म्हटलं, अगं पण दिसतायत ना! तर म्हणते, "बाबा, तू एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतास ना? यादीत नाव आहे म्हणजे माल हातात आला का?"

एकतीस वर्षं हेच वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवलं हो! शिपाई, सुपरवायझर, साहेब, कोणाला सोडलं नाही. आणि शेवटी कोणी ऐकवलं? पोटच्या पोरीने!

मग म्हणाली, "कोणती हवीय ती सांग, घरी जाऊन तेवढी फोनमध्ये उतरवून घे." अगं, कोणती तेच तर तुझी आई सांगत नाही! मग सगळ्या उतरव? तर फोनमध्ये जागा नाही. म्हणजे फोनमध्ये मावत नाही, घराबाहेर चालत नाही, आणि इकडे साडेचार वाजलेले. काय करायचं माणसाने? तुम्ही काय केलं असतंत?

मी गेलो आणि डबाच उचलून आणला.

हसा, हसा! पण लेक म्हणाली होती ना, घरातलं वायफाय लागतं? मग तो दोन शिंगांचा राउटरही उपटला भिंतीवरून. दोन्ही गुंडाळले हिच्या शालीत आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई हळूच विचारते, "किती महिन्यांचं आहे?" म्हटलं, चाळीस वर्षांचं आहे!

खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड लावला, हा राउटर, हा डबा, मधे वायर... तोवर सिस्टर आली. "आजोबा, हे काय? कोणी परवानगी दिली? काढा आधी!" तेवढ्यात ही कॉटवरून म्हणाली, "सिस्टर, उद्यापासून मला ऐकू येईल की नाही माहीत नाही. दहा मिनिटं द्या." मग सिस्टरने काय केलं असेल? दार लोटून घेतलं आणि बोर्डाजवळ स्वतः उभी राहिली, कोणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून!

ॲप उघडलं. नावं आली. हिने चष्मा लावला आणि बोटाने सरकवत निघाली... लेकीचं गाणं गेलं, सासूबाई गेल्या, मेहुणा भाषणासकट गेला. मी म्हणतोय, अगं हे? हे नको? एका ठिकाणी थांबली. दाबलं. लोड होत आहे. खोटं नाही सांगत, मी हात जोडले त्या चाकाला! आणि लागलं! तिने फोन डाव्या कानाशी घट्ट धरला, आवाज पूर्ण मोठा, आणि त्यातून कोण बोलतंय?

मी!

मोरीतला नळ दुरुस्त करताना! "पाना कोणी हलवला? ह्या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ! हा वायसर आहे की भजनी टाळ? अगं ऐकतेस का? नाही, कोण ऐकतंय माझं!" सतरा मिनिटं, एकट्या नळाशी भांडण! हिने दाराआडून गुपचूप टेप केलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर तोंडावर हात धरून हसतेय. मी म्हटलं, अगं, एवढे सोन्यासारखे आवाज ठेवलेत त्यात, आणि तू हे...?

तर म्हणाली, "ते सगळे पाठ आहेत मला, डोळे मिटले की ऐकू येतात. तुमचा रोजच ऐकत आले, म्हणून पाठ करायचा राहून गेला."

...काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं. सतरा मिनिटं सगळं ऐकलं तिने. नळ शेवटपर्यंत दुरुस्त होत नाही त्यात.

त्याला आज आठ दिवस झाले. कानावर ही एवढी पट्टी. मी पाटीवर लिहितो, ती वाचते. "चहा?" "उशी?" ह्याच्या पलीकडे काय मावतं हो पाटीवर? आठ दिवस माणूस बोललाच नाही, म्हणून सगळं तुमच्या अंगावर आलं, रागावू नका. पण वेळ झाला ना बराच? आतून काहीच आवाज नाही. पट्टी सोडायला इतका वेळ लागतो? तुम्हाला काही ऐकू येतंय का आतलं? आणि समजा नसेलच येत तिला, तर मी काय लिहायचं पाटीवर? पहिला शब्द कोणता लिहायचा, सांगा ना...

"अहो! हळू बोला जरा! नळाबिळाचं सगळं आतपर्यंत ऐकू येतंय!"

...ऐकलंत? तुम्ही ऐकलंत ना? नाही, तुम्ही नाही... तिने ऐकलं हो! तिने!

हो गं, आलो! आलो...

झालं. आता उरलेलं आयुष्य हळू बोलायचं.