मनगटावरचा मार्चचा दोरा

डॅन्यूबकाठच्या गावात रुमियाना हॉस्पिटलकडे जाणाऱ्या बससाठी रांगेत उभी होती. मागे दोन म्हातारे बोलत होते.

“स्तामेन, ऑगस्ट सरत आला. मार्चमध्ये बांधलेला दोरा अजून हातातच?”

“असू दे.”

“अरे, पहिला करकोचा दिसला की सोडून झाडाला बांधायचा. तळ्यावर तर मार्चमध्येच आले. तूच मला दाखवलेस.”

“दाखवले.”

“मग?”

“माझी नेदा हॉस्पिटलात जाताना म्हणाली, दोघं मिळून सोडू. करकोचे येईपर्यंत तग धरते म्हणाली.”

“आणि तू तिला काय सांगितलंस?”

“अजून आले नाहीत.”

रुमियानाने मागे वळून पाहिलं नाही.

“वेड्या, आज सकाळी शेवटचा थवाही परत गेला.”

“पाहिला. तळ्यावरूनच येतोय.”

“आता काय सांगशील?”

“तेच. यंदा फार उशीर झालाय.”